बाबाचा बहिष्कार

बाबाने गोळ्या चोरून बंद केल्या नाहीत. तो काहीच चोरून करत नाही. सकाळी चहा झाल्यावर त्याने तिन्ही पाकिटं आईच्या परातीशेजारी ओळीने मांडली, घसा खाकरला आणि कंपनीच्या गेटवर उभा राहून बोलायचा त्या आवाजात सांगितलं, "आजपासून माजा गोळ्यांवर बहिष्कार हाय."

आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "चहावर पन घाला मग. साखर तरी उरंल."

"ही चेष्टा नाय. घोषणा हाय."

"घोषणा गेटवर करायची. हितं भाकरी हाय."

मी कामावर निघाले होते. एका पायात चप्पल, एक पाय तसाच. आईला हसू येत होतं, मला नाही, कारण तो आवाज मला माहीत होता. त्या आवाजात बाबा जे बोलला ते त्याने कधी मागे घेतलेलं नाही.

झटका आला तेव्हा तो ड्रायरवर होता. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात औषधांची पावडर बनते. गोळी बनते दुसरीकडे, इथे गोळीच्या आतला माल. तो ओला माल सुकवणाऱ्या यंत्रावर बाबाचं आयुष्य गेलं. छातीत कळ आली तेव्हा त्याने आधी ड्रायर बंद केला, मग खाली बसला. त्याला वापीला नेलं. तिथे हृदयाच्या नळीत जाळी बसवली. आमच्या चाळीत तिला सगळे स्प्रिंग म्हणतात. निघताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून बजावलं, की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. चुकवल्या तर त्या स्प्रिंगमध्येच गुठळी धरेल, आणि दुसऱ्या खेपेला वापीपर्यंत पोचाल याची खात्री नाही. मग त्यांनी हृदयरोग्यांसाठी छापलेलं एक मराठी पत्रक हातात दिलं. मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चालणं, आणि सगळ्यात खाली एक ओळ: योगासने व प्राणायाम हा पूरक उपचार आहे.

आमच्या घरात पत्रक ही साधी गोष्ट नाही. 'क' कमळाचा मला शाळेत भेटला. घरात तो कामगारांचा होता. बाबा रात्रपाळीहून यायचा तो हाताला शाईचा वास घेऊन. मागण्यांची पत्रकं, निषेधाची पत्रकं, नाल्यात सोडलेल्या पाण्याची पत्रकं. उरलेल्या गठ्ठ्यांतल्या पाठकोऱ्या कागदांवर मी गणितं सोडवली. एखादं वाक्य खरं आहे की फुगवलेलं, हे ओळखायला त्याने मला शिकवलं. "छापलंय म्हणून खरं नाय," तो म्हणायचा. "कोणी छापलंय ते बघ, आन् कोणासाटी." मी आज जे काही लिहिते, ज्या काही गोष्टींवर चिडते, ते सगळं त्या पाठकोऱ्या कागदांवरून आलेलं आहे. म्हणून मला वाटलं होतं की निदान आम्हा दोघांना एकमेकांशी वाद घालता येईल.

त्या संध्याकाळी मी वाद घालायला बसले.

"कारण सांग," मी म्हणाले.

"बाय, ही पावडर मी नाकानं खाल्ली हाय. आता तोंडानं नाय खानार."

"ही तुझ्या कंपनीची नाही."

"ही नसंल, हिची बहीन असंल. समद्या एका घरच्या. फेल झालेला लॉट पास झालेल्या लॉटात कसा मुरवतात, ते मी बगितलंय. मी बोललो तवा मला ड्रायरवरून काडून म्हैनाभर झाडू मारायला लावला. तुला म्हाईत हाय ना?"

मला माहीत होतं. त्यावरचं पत्रक मीच घड्या घालून दिलं होतं.

"सगळ्याच कंपन्या तसं करत नाहीत, बाबा."

"हे मालक बोलतात."

"मग ती स्प्रिंग कोणी बनवली? ती तर आत घेऊन हिंडतोयस."

"स्प्रिंग टाकली तवा मी आडवा होतो. आडव्या मानसाशी केलेला करार मी मानत नाय."

त्याचं म्हणणं सरसकट खोटं असतं तर सोपं होतं. ती पावडर अंगावर घेऊन घरी आलेल्या बाबाच्या हातून खाल्लेली भाकरी मला लहानपणी कडू लागायची. त्याचे कपडे आई वेगळ्या बादलीत धुवायची. ज्या माणसाने औषधाचा धंदा आतून बघितला, त्याला "विश्वास ठेव" असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? पण डॉक्टर म्हणाले होते ते वाक्यही खरं होतं. बाबाच्या छातीत एक लोखंडी जाळी होती, आणि रक्ताला त्याच्या तत्त्वांशी काही देणंघेणं नव्हतं.

बहिष्कार घातला तरी जगायचं त्याने सोडलं नव्हतं, हे मी कबूल करते. तंबाखू त्याने एका दिवसात सोडली. वरणातलं मीठ कमी केलं. आणि योगाच्या वर्गाला जायला लागला. वीजकेंद्राच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एक बाई बोईसरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी हृदयाच्या, दम्याच्या, रक्तदाबाच्या लोकांना योग शिकवत. फी नाही, जाहिरात नाही, मागे कुणा महाराजाचा फोटो नाही. बाबाला आणखी काय हवं होतं? "श्वासाला मालक नाय," तो पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, आणि मला ते वाक्य इतकं आवडलं की मी त्याच्यावर चिडायचं विसरले.

एकदोनदा मी त्याच्याबरोबर गेले. बाई हळू आवाजात सांगत, "सावकाश पूरक. म्हणजे श्वास आत. आता त्याहून सावकाश रेचक, श्वास बाहेर. कुंभक करायचा नाही, श्वास रोखायचा नाही. हृदयाच्या लोकांनी तर मुळीच नाही." वारा एमआयडीसीच्या बाजूने फिरला की हॉलमध्ये सडक्या लसणासारखा वास भरायचा. मग सगळे डोळे उघडून एकमेकांकडे बघत. बाबाच्या शेजारी उत्तर प्रदेशातून आलेला एक वेल्डर बसायचा, त्याच्याही हृदयात स्प्रिंग होती. तो एकदा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मैडम, ये वाला साँस अंदर लेना है कि बाहर से ही नमस्ते कर लें?"

चिंचणीहून येणारी एक मासळीवाली मावशी पदराने नाक दाबून म्हणाली, "आमचा बोंबील बरा रे बाबा. निदान वळखू तरी येतो."

बाई हसल्या, खिडक्या बंद केल्या आणि सगळ्यांना शवासनात झोपवलं. बाबा कुजबुजला, "हे आपलं धरनं आंदोलन. गेटवर असंच निजायचो."

त्याला फरक पडत होता. झोप लागायला लागली. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. घरातला त्याचा आवाज उतरला. मी हे लिहिताना योगाला शिव्या घालणार नाही, कारण ज्याने माझ्या बापाला झोप दिली ते खोटं नव्हतं. पण त्या बऱ्या वाटण्यानेच त्याचा बहिष्कार पक्का केला. रोज सकाळी ताजातवाना होऊन तो त्या पाकिटांकडे जिंकल्यासारखा बघायचा.

मग त्याने दवाखान्याचं ते पत्रक काढलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाच. योग पूरक. पूरक म्हंजी काय?"

"जोडीचा. मुख्य उपचाराला जोड."

"खोटं. बाई रोज सांगतात. पूरक म्हंजी श्वास आत घेनं. पयला पूरक, मग रेचक. पूरकाशिवाय मानूस मरतो. आन् यांनी सोता लिवलंय, योग हाच पूरक. मग मुख्य काय झालं? योग. गोळ्या रेचक. बाहेर."

तो चेष्टा करत असावा असं मला वाटलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. एका शब्दाचे दोन अर्थ त्याने एकमेकांवर घट्ट बसवले होते, आणि त्यातून एक पूर्ण पत्रक तयार झालं होतं.

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती चुलीपासून उठली, हात न पुसताच समोर आली. "पूरक मला इचारा," ती म्हणाली. "बारा म्हैने पूरक आहार वाटते मी. पाड्यावरच्या बाया काय करतात? पोराला आहार मिळाला ना, मग घरी भात कशाला, असं म्हंतात. पूरक म्हंजी घरच्या भाताच्या वरचा. बाया घरचा भातच बंद करतात. आन् मग पोर काट्यावर ठेवलं की काटा हलत नाय. तुमचं तेच चाललंय."

"त्या बायांकडे भात नसतो म्हनून करतात," बाबा म्हणाला. "त्यांना दोष नको देऊस."

"त्यांना नाय देत. तुमाला देते! तुमच्याकडे भात हाय!"

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता बाबा वळेल. तो उठून बाहेर गेला, आणि दुसऱ्या सकाळी पाकिटं होती तिथेच होती.

मला रडू येत नाही, मी लिहिते. मी त्याच्यासाठी एक पत्रक लिहिलं. मथळा, मुद्दे, शेवटी आवाहन. औषध कंपन्यांविरुद्धची लढाई जिवंत माणसांनीच लढायची असते, असं त्यात होतं. त्याने चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि परत दिलं. "तिसरा मुद्दा कमजोर हाय. भावनेवर गेलीस."

भावनेवर! माझा बाप मरत होता आणि मी भावनेवर जायचं नव्हतं.

त्यानंतर त्याने वर्गात भाषण केलं. ते मला वेल्डरकडून कळलं. तो मुद्दाम घरी आला होता. शवासन झाल्यावर बाबा उभा राहिला आणि म्हणाला की मी गोळ्या सोडल्या, बगा कसा ठणठणीत हाय, तुमीपन विचार करा. मावशीने "खरं की काय?" विचारलं. वेल्डर आमच्या दारात उभा राहून मला विचारत होता, "दीदी, चाचा पढ़े-लिखे आदमी हैं। तो हम भी बंद कर दें?"

"नहीं!" मी इतक्या जोरात ओरडले की तो मागे सरकला. "भैया, कसम खाओ। एक भी गोली नहीं छोड़ना।"

तो बिचारा घाबरून शपथ घेऊन गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाबाचं बोलणं आता फक्त बाबाला मारणार नाही.

बाईंनाही ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्या हॉलच्या दारातच उभ्या राहिल्या. मी बाबाबरोबर होते. "भाऊ," त्या म्हणाल्या, "गोळ्या सुरू केल्याचं तुमच्या मुलीने मला सांगेपर्यंत तुम्ही आत येऊ नका. मी जे शिकवते ते औषधाच्या सोबतीने. औषधाऐवजी शिकवणारी मी नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

बाबाने काखेतली चटई खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजी टाळेबंदी."

"म्हणा टाळेबंदी," बाई म्हणाल्या. त्या दारातून हलल्या नाहीत.

त्यांची चूक नव्हती. मी त्यांच्या जागी असते तर मीही दार अडवलं असतं. पण दार बंद झाल्यावर बाबाचं काय झालं ते मी पाहिलं. त्याच्याजवळ एकच आधार होता, ज्यावर त्याचा विश्वास होता आणि ज्याच्यावर बाईंची नजर होती. तो वर्गाचा आधार गेला. उरला नुसता विश्वास.

तो मासवणला गेला, काकाकडे. त्याचं मूळ घर तिथलं. "तितं हवा हाय," तो म्हणाला. "हितं पूरक केला तरी आत काय जातं?" मी अडवू शकले नाही. मी रविवारी जायचे. सूर्या नदीच्या काठावर, भाताच्या खाचरांच्या वरच्या बाजूला एक सपाट खडक आहे, तिथे तो सकाळी चटई घेऊन बसायचा. खरंच तिथे हवा होती. नाकात काही जळत नव्हतं. मी त्याच्या मागे बसून त्याची पाठ बघायचे. ती फुलायची आणि उतरायची, आणि मला वाटायचं, असंच चालू दे. मी नास्तिक बापाची नास्तिक मुलगी, त्या पाठीची प्रार्थना करत होते.

एका रविवारी पाठ फुलली आणि उतरलीच नाही. तो श्वास धरून बसला होता.

"बाबा, काय करतोयस?"

त्याने हात वर केला, थांब. मग फुस्सकन श्वास सोडून हसला. चेहरा लाल झाला होता. "कुंभक. वाढवत नेतोय."

"बाईंनी नको सांगितलं होतं!"

"बाईंनी मला कामावरून काडलंय. आता त्यांचे नियम मला लागू नाय."

मी त्याच्याशी भांडले. चटई ओढली. त्याने ती परत अंथरली. मी पुन्हा ओढली. एखाद्या लहान पोरीसारखी मी ती चटई छातीशी धरून उभी राहिले, आणि तो खडकावर तसाच बसून पुन्हा श्वास आत घ्यायला लागला. दोन-चार वेळा. मग त्याने डावा हात छातीवर ठेवला, जसा माणूस खिशात काही आहे का हे चाचपतो तसा. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, काकाला बोलाव."

कुंभकाने झालं की गोळ्या बंद केल्याने, असं मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, श्वास रोखून त्यांनी हृदयावर ताण आणला असेल, पण स्प्रिंग बंद पडली ती गुठळीने, आणि गुठळी झाली ती गोळी नव्हती म्हणून. हे त्यांनी न ओरडता सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पण ते नंतर. आधी तो रस्ता होता. काकाच्या शेजाऱ्याची गाडी, मागच्या सीटवर बाबाचं डोकं माझ्या मांडीवर, मनोरला हायवेला लागेपर्यंतचे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मी त्या रस्त्याच्या ठेकेदाराला मोठ्याने शिव्या घालत होते. बाबाचे ओठ राखाडी झाले होते. तो काही पुटपुटला. मी कान खाली नेला.

"टेंडर..." तो म्हणत होता. "टेंडर कोनाला दिलं ते काड."

मी हसले. हायवेवर, ट्रकांच्या मधून जाताना, बाप मांडीवर मरत असताना मी हसले, आणि ते हसू कधी किंचाळण्यात बदललं ते मला आठवत नाही. काका सांगतो, मी वापीपर्यंत किंचाळत होते.

तो वाचला. पण हृदयाचा एक भाग आता हलत नाही. पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं. बाकीचं हृदय धडपडत होतं आणि तो कोपरा नुसता ओढला जात होता, संपात न उतरलेल्या माणसासारखा, किंवा एकटाच संपावर गेलेल्या माणसासारखा. मला ठरवता आलं नाही. आता तो जिना चढत नाही. चटईवर झोपला की धाप लागते म्हणून खुर्चीत बसून फक्त सावकाश श्वास घेतो. योगाच्या बाई स्वतः घरी आल्या आणि खुर्चीतला प्रकार शिकवून गेल्या.

घरी आणल्यावर पहिल्या सकाळी आईने गोळ्या पुढे ठेवल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मी बघितलं, त्याचा जबडा घट्ट झाला. अजूनही. एवढं होऊनही.

"बाबा," मी म्हणाले, "संप सगळ्यात शेवटी करायचा, हे मला कोणी शिकवलं? आधी काळी फीत. काळी फीत लावून काम करायचं. निषेध नोंदवायचा आणि काम चालू ठेवायचं. तू गोळी खा आणि निषेध नोंदव. रोज नोंदव. मी तुझ्याबरोबर नोंदवीन. पण खा."

आईने परकराच्या जुन्या नाडीचा काळा तुकडा कापून आणला. बाबाने तो बनियनला टाचणीने लावला. टाचणी दोनदा निसटली, पण त्याने आम्हाला लावू दिली नाही. मग त्याने एकेक गोळी उचलली, तोंडात टाकली आणि पाणी प्यायला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्या आत काहीतरी कायमचं बिघडलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात कधी काही चोरून केलं नाही, त्याला मी म्हणाले, "तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड. जीभ वर कर."

आई म्हणाली, "अगं..."

बाबाने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं तसं. मग तोंड उघडलं. जीभ वर केली. आत काही नव्हतं. गोळ्या गेल्या होत्या. त्याने तोंड मिटलं, ओठ पुसले.

"मुकादम झालीस, बाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोळ्या घेतल्या आणि मी म्हणायच्या आधीच, भिंतीकडे बघत, तोंड उघडलं. मी वाकून पाहिलं.